सेलवर चालणारं मांजर आजींच्या मांडीवर देण्याआधी

स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या वृद्धांसाठी जे यांत्रिक प्राणी मिळतात, त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका टोकाला जपानचा पारो, म्हणजे सील या समुद्री प्राण्याचं पांढरंशुभ्र पिल्लू. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. वजन अडीच-पावणेतीन किलो, किंमत सहा हजार डॉलरच्या घरात. दुसऱ्या टोकाला हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये आणलेलं 'जॉय फॉर ऑल' मालिकेतलं मांजर आणि पाठोपाठ आलेलं कुत्र्याचं पिल्लू. २०१८ मध्ये ही मालिका हॅस्ब्रोतून वेगळी होऊन 'एजलेस इनोव्हेशन' या कंपनीकडे गेली. किंमत सव्वाशे ते दीडशे डॉलर. न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विभागाने २०१८ मध्ये साठ प्राणी देऊन प्रयोग केला आणि पुढे हजारो वाटले.

पारो रुग्णालयं आणि मोठे वृद्धाश्रम घेतात. एका कुटुंबाच्या आवाक्यात येतं ते मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू, म्हणून इथलं बहुतेक सगळं त्यांच्याबद्दल आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: हा प्राणी उपयोगी पडतो की आठवडाभरात कपाटावर जातो, हे आतल्या मोटारींवर फार कमी ठरतं. तो कुणी, कोणत्या वेळी, काय बोलून हातात दिला आणि नंतर त्याचे सेल कोण बघतं, यावर ते ठरतं.

अभ्यास काय सांगतात ते नीट समजून घ्यायला हवं, कारण जाहिरातीत त्यातला अर्धाच भाग येतो. ऑस्ट्रेलियात वेंडी मॉइल यांच्या गटाने क्वीन्सलँडमधल्या २८ निवासी केंद्रांत, स्मृतिभ्रंश असलेल्या ४१५ जणांवर मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला चालू पारो, दुसऱ्याला तोच पारो पण बंद ठेवलेला, म्हणजे नुसतं सॉफ्ट टॉय, आणि तिसऱ्याला नेहमीची देखभाल. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त पाहिलं. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत चित्रीकरणात अस्वस्थपणा थोडा कमी दिसला. पण प्रश्नावलीने मोजलं तेव्हा तिन्ही गटांत अस्वस्थपणाचा फरक आढळला नाही. आणि बंद पारोही, म्हणजे निव्वळ मऊ खेळणंही, काही बाबतीत उपयोगी ठरलं.

यातून घरच्यांनी घ्यायचा धडा अगदी रोकडा आहे. आधी चांगल्या वजनाचं, मऊ केसांचं साधं सॉफ्ट टॉय आणून बघा. आजी ते जवळ घेतात का, थोपटतात का, त्याच्याशी बोलतात का? घेत असतील तर हलणाऱ्या, आवाज करणाऱ्या प्राण्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे. त्यांनी ते बाजूला सारलं, तर मोटार बसवलेलं मांजरही बहुधा बाजूलाच सारतील.

न्यूझीलंडमधल्या एका लहान अभ्यासात (२०१३, चाळीस रहिवासी, बारा आठवडे) पारोच्या गटात एकटेपणाची भावना कमी झाली. त्यात मला मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. माणसं पारोबद्दल एकमेकांशी बोलू लागली. मध्ये प्राणी ठेवला की शेजारी बसलेल्याला बोलायला विषय मिळतो. घरीही हेच घडवून आणायचं असतं. मांजर आजींच्या मांडीवर टाकून नातवंडं फोनमध्ये गेली, तर अर्धा फायदा गेला.

सील का, मांजर का, हा प्रश्नही व्यवहाराचा आहे. शिबातांचं म्हणणं असं की कुत्रा-मांजर सगळ्यांनी जवळून पाहिलेलं असतं, त्यामुळे नकलेतली खोट लगेच दिसते. सीलचं पिल्लू कुणी हाताळलेलं नसतं, म्हणून तुलना होत नाही. विचार पटण्यासारखा आहे. पण इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या हॅना ब्रॅडवेल आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसमोर वेगवेगळे प्राणी ठेवले, तेव्हा वृद्धांचा कल ओळखीच्या घरगुती प्राण्यांकडे दिसला. यंत्रं बनवणाऱ्यांची आवड वेगळी होती. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या बाबतीत मला यात शंका वाटत नाही. ओसरीवर मांजर, अंगणात कुत्रा पाहत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना बर्फातला सील कशाची आठवण करून देणार?

कुणाला देऊ नये, हे आधी ठरवा. ज्यांची स्मृती शाबूत आहे आणि ज्यांनी मागितलेलं नाही, त्यांना न विचारता आणून दिलं तर 'मला काय कुक्कुलं बाळ समजता?' हेच ऐकावं लागेल, आणि ते योग्यही आहे. त्यांना चित्र दाखवा, किंमत सांगा, निर्णय त्यांच्यावर सोडा. लहानपणी कुत्रा चावलेल्यांना पिल्लू नको. मांजराचा शुभाशुभाशी संबंध जोडणाऱ्यांना मांजर नको. देवघरात प्राणी शिरू न देणाऱ्या घरात त्याची बसायची जागा देवघरापासून दूर, पहिल्या दिवशीच ठरवा. ज्यांना नसलेली माणसं, प्राणी, किडे दिसतात, त्यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोला. मुळात भास होत असताना आपण होऊन हलणारी वस्तू पलंगावर ठेवणं भीतीदायक ठरू शकतं.

आता हे मांजर करतं काय? ते चालत नाही, उडी मारत नाही, बसल्या जागी असतं. पाठीवरून हात फिरवला की घुरघुरतं आणि ती थरथर तळहाताला जाणवते. गालाला हात लावला की डोकं हाताकडे झुकवतं. थोपटत राहिलं की कुशीवर वळून पोट दाखवतं. पंजा उचलतं, डोळे मिटतं, म्याँव करतं. काही वेळ कुणी हात लावला नाही की झोपी जातं आणि पुन्हा हात लागला की उठतं. पिल्लू आवाजाला प्रतिसाद देतं, आपण बोललो की भुंकून उत्तर देतं, आणि पाठीवर हात ठेवला की आत हृदयाचे ठोके जाणवतात. ज्यांना बोलायला आवडतं पण ऐकायला कुणी नसतं, त्यांना पिल्लू. ज्यांची बोटं सतत काहीतरी चाळवत असतात, पदराचं टोक, चादरीची किनार, त्यांना मांजर. निवड करताना रंगापेक्षा हे बघा.

देण्याची वेळ आणि पद्धत

खोक्यातून काढून तडक मांडीवर ठेवू नका. आधी तुम्ही स्वतः अर्धा तास चालवून बघा. खोक्याचा वास उडू द्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, गळ्यातली लेबलं, चिमटे सगळं काढा. स्मृतिभ्रंशात लहान वस्तू तोंडात जाण्याचा धोका असतो. गळ्यातला पट्टा किंवा रुमाल सैल होत असेल तर दोन टाके घालून पक्का करा, नाहीतर काढून टाका.

वेळ निवडायची ती पोट भरलेलं असताना, चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं असताना, टीव्ही बंद असताना. अनेकांना संध्याकाळी चार-पाचनंतर बेचैनी सुरू होते, 'मला घरी जायचंय' सुरू होतं. पहिली ओळख त्या वेळी करू नका. पहिले काही दिवस सकाळी करा, आणि सवय झाली की बेचैनीच्या नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी प्राणी आणा. बेचैनी शिगेला पोचल्यावर आणलेला प्राणी फेकलाही जातो.

बसणं समोरासमोर नको, शेजारी. प्राणी आधी तुमच्या मांडीवर. तुम्ही त्याला थोपटा. त्यांचं लक्ष गेलं की म्हणा, "आई, हे बघ काय आलंय. हात लावून बघतेस?" वडील असतील तर, "बाबा, जरा धरता का याला? मी पाणी घेऊन येतो." अनेक पुरुषांना खेळणं देऊ केलेलं आवडत नाही, पण काम दिलेलं आवडतं. त्यांनी हात पुढे केला नाही तर तसंच ठेवून उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन-तीन दिवसांत एकदाही हात लागला नाही तर आग्रह थांबवा.

पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. थकवा आला की माणूस नजर वळवतो, हात थांबतो. मग, "आता याला झोपू द्या," असं म्हणून प्राणी त्यांना दिसेल अशा ठरलेल्या जागी ठेवा. टोपली किंवा उशी चालेल, पण जमिनीवर कधीही नको. जमिनीवरच्या मांजराला उचलायला वाकताना तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पाय अडखळतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. वॉकर वापरणाऱ्यांना प्राणी एका हाताने कवटाळून चालू देऊ नका. वॉकरला पुढून पिशवी किंवा टोपली बांधा, प्राणी त्यात जाऊ दे.

'हे खरं आहे का?' हा प्रश्न येणारच. रॉबर्ट स्पॅरो या तत्त्वज्ञाने २००२ मध्येच आक्षेप घेतला होता की यंत्राला जिवंत समजण्यात वृद्धाची फसवणूक आहे. आक्षेप गंभीर आहे आणि हसण्यावारी न्यायचा नाही. माझ्या मते घरच्यांनी पाळायचा नियम असा: हे खरं मांजर आहे असं आपण होऊन कधी म्हणू नका, आणि ते खरं मानून आनंदात असतील तर उठसूट दुरुस्त करू नका. थेट विचारलं तर थेट सांगा, "नाही आई, सेलवर चालतं. पण गोड आहे ना?" पुष्कळ जण हे ऐकून घेतात आणि थोपटणं चालूच ठेवतात. घरात सगळ्यांनी एकच भाषा वापरावी: सून, मुलगा, दिवसा येणाऱ्या मावशी. एक जण 'मनी झोपली' म्हणतो आणि दुसरा त्यांच्यासमोर पोटाचं झाकण उघडून सेल काढतो, यातून गोंधळ आणि दुःख दोन्ही होतं.

बिघडतं कुठे आणि का

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे सेल संपणं. यंत्राच्या दृष्टीने ती किरकोळ गोष्ट, पण कालपर्यंत घुरघुरणारं मांजर आज निपचित पडलेलं दिसलं की ते मेलं असं वाटू शकतं, आणि तो शोक खराच असतो. म्हणून सेल संपण्याची वाट बघू नका. डोकं अर्धवट वळून थांबणं, आवाज खोल किंवा तुटक येणं, हालचाल मंदावणं ही पूर्वसूचना. त्याच रात्री, ते झोपल्यावर, दुसऱ्या खोलीत नेऊन सेल बदला.

मांजराला आणि पिल्लाला 'सी' आकाराचे चार सेल लागतात. घड्याळाच्या पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि मोठ्या टॉर्चच्या सेलपेक्षा बारीक असा हा मधला आकार. अमेरिकेत कुठेही मिळतो, पण आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसतो, ऑनलाइन मागवावा लागतो. म्हणून घरात एक जादा संच कायम ठेवा. पेन्सिल सेलला बाहेरून प्लॅस्टिकचं कवच चढवून 'सी'चा आकार देता येतो, ते तात्पुरतं चालतं. पण पेन्सिल सेलची क्षमता साधारण अडीच हजार मिलिअँपिअर-तास, चांगल्या अल्कलाइन 'सी'ची सात-आठ हजार. म्हणजे तिप्पट वेळा बदलणं आलं. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे. चार मिळून सहा व्होल्टऐवजी ४.८ मिळतात. मोटारी एकदम सुरू होताना हा फरक जाणवतो आणि प्राणी मध्येच अडकू शकतो. जुने-नवे सेल मिसळू नका. त्यातला कमजोर सेल गळतो.

गळलेल्या सेलची पांढरी पूड क्षारीय असते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्रा पुसा, मग किंचित ओल्या काडीने, मग कोरड्या. पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका. प्राणी महिनाभर वापरात नसेल तर सेल काढूनच ठेवा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हे विसरलात तर स्प्रिंग गंजते. सेलच्या कप्प्याचा स्क्रू मात्र दर वेळी घट्ट बसवा. तो सैल राहिला तर सेल बाहेर येतात, आणि गोंधळलेल्या माणसाच्या हाती ते लागता कामा नयेत.

दुसरा बिघाड खाऊ घालण्याने होतो. प्रेम आलं की माणूस भरवतोच. दूध, बिस्किट, वरणभात मांजराच्या तोंडाला लावला जातो. दूध केसांतून आत झिरपलं तर वास येतो, मुंग्या लागतात आणि जबड्याची यंत्रणा चिकटते. 'नको, नको' म्हणून हात धरण्यापेक्षा जेवणाच्या वेळी प्राणी त्याच्या जागी ठेवून द्या, "त्याचं झालंय जेवण," म्हणा. आणि काळजी घेण्याची ती ओढ वाया जाऊ देऊ नका: मऊ ब्रश द्या, लहानशी दुलई द्या. केस विंचरणं, पांघरूण घालणं ही कामं तास न् तास चालतात आणि यंत्राला इजा होत नाही.

तसंच अंघोळीचं. हा प्राणी पाण्यात बुडवायचा नसतो आणि नळाखाली धरायचा नसतो. आंघोळ घालायची सवय असलेल्या आजींना बादलीपासून दूर, कोरडा टॉवेल देऊन 'पुसायला' सांगा.

आवाजाचे दोन त्रास. हालचालीबरोबर मोटारीचा बारीक किरकिराट येतो. कानाने कमी ऐकू येणाऱ्यांना तो कळतही नाही, पण श्रवणयंत्र तोच मोठा करून कानात घालतं. अशा वेळी चेहऱ्यापासून दूर, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर प्राणी ठेवा. दुसरं म्हणजे रात्री कूस बदलताना धक्का लागून म्याँव झालं तर झोपमोड आणि घाबरणं. खाली असलेलं बटण रात्री आवाजबंद किंवा पूर्ण बंद करा. ते बंद करण्याचं काम रोज कुणाचं, हे ठरलेलं असू द्या.

वजनही बघा. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते. पारोसारखा जड प्राणी एकाच जागी तासभर मांडीवर राहिला तर वण उठतात. मांडीवर घडी केलेली चादर घ्या, किंवा प्राणी टेबलावर ठेवून खुर्ची जवळ ओढा.

सफाई घरात एकाच व्यक्तीसाठी असेल तर सोपी: आठवड्याला ब्रश, किंचित ओल्या फडक्याने वरचेवर पुसणं, पंख्याखाली वाळवणं. उन्हात ठेवू नका, केस कडक होतात. पावसाळ्यात कोरड्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा, पण ती पुडी डब्यातच राहिली पाहिजे. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्या पांढऱ्या गोळ्या खडीसाखर समजून खाल्ल्या जाऊ शकतात. वृद्धाश्रमात मात्र नियम कडक हवेत. प्लिमथच्याच गटाने २०२० मध्ये दाखवलं की वीस मिनिटांच्या हाताळणीनंतर अशा प्राण्यांवर जंतूंचं प्रमाण मान्य पातळीच्या वर जाऊ शकतं, आणि नीट पुसून निर्जंतुक केलं की ते खाली येतं. म्हणून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जाताना मधे पुसणं सक्तीचं. जुलाब, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम असलेल्याला सामायिक प्राणी देऊच नये. जमलं तर ज्याचा त्याचा वेगळा, पोटाखाली नावाची पट्टी शिवलेला.

परदेशातून आणत असाल तर विमानात सेल काढून आणा, नाहीतर बॅगेतून म्याँव येत राहील. हे प्राणी विजेच्या सॉकेटवर चालत नसल्याने व्होल्टेजचा प्रश्न नाही. दुरुस्तीचा आहे. ते खोलून मोटार बदलून देणारं इथे सहसा कुणी भेटत नाही, आणि केस शिवलेलं कातडं उसवल्याशिवाय आत जाता येत नाही. दुरुस्ती किती महत्त्वाची, हे जपानमध्ये दिसलं. सोनीचा पहिला आयबो कुत्रा १९९९ मध्ये आला, २००६ मध्ये उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद झाली. मग चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या कोफुकुजी मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी अंत्यविधी होऊ लागले, आणि त्यांचे सुटे भाग इतर आयबोंच्या दुरुस्तीला वापरले गेले. २०१८ चा नवा आयबो चालतो, चेहरे ओळखतो, पण अंग टणक, नाकात कॅमेरा, इंटरनेटची वर्गणी हवी, आणि एका चार्जवर दोन तास. मांडीवर घेऊन थोपटायला तो बनलेलाच नाही. ज्यांना खर्च टाळायचा आहे त्यांनी नुसता श्वास घेणारा, झोपलेला प्राणी बघावा. 'परफेक्ट पेट्झ'सारख्या प्राण्याला मोठ्या टॉर्चचा एकच सेल लागतो, आणि तो सेल गावातही मिळतो. त्यात फक्त पोट वरखाली होतं. आवाजाने दचकणाऱ्यांना तोच जास्त मानवतो.

चालतंय की नाही हे आठवणीवर सोडू नका. वही करा. प्राणी येण्याआधीचा एक आठवडा रोज लिहा: किती वाजता बेचैनी, किती वेळ, किती वेळा 'घरी जायचंय', झोप कशी, दिवसाचे किती शब्द बोलले. आल्यानंतर दोन आठवडे हेच. नुसता 'आवडला' हा शेरा कामाचा नाही. संध्याकाळची येरझार चाळीस मिनिटांवरून वीसवर आली, हे कामाचं. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या, पण झोपेचं किंवा शांत करणारं औषध स्वतःहून कमी करू नका. आणि घरी येणाऱ्या मावशींचे तास प्राणी आला म्हणून कमी करत असाल, तर तसं करू नका. प्राणी पडलेल्या माणसाला उठवत नाही, पाणी देत नाही, ताप ओळखत नाही.

आजार पुढे सरकतो तसा उपयोगही बदलतो. सुरुवातीला बोलणं, मग थोपटणं, शेवटी नुसतं जवळ धरणं. आवाज आणि हालचाल त्रास देऊ लागली तर बटण बंद करून तोच प्राणी नुसता मऊ आधार म्हणून राहू द्या, नवा आणू नका. वापर संपल्यावर तो दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर सेल काढा, केस दोनदा पुसून वाळवा, नावाची पट्टी उसवा, आणि सोबत एका कागदावर मराठीत लिहा: 'सी' आकाराचे चार सेल, पाण्यात घालू नये, जमिनीवर ठेवू नये, रात्री बटण बंद.